हीटर लावला की केबिनमध्ये धूर: दुरुस्तीच्या नोंदी

३ डिसेंबर

तक्रार अशी. इंजिन थंड असताना गाडी सुरू करायची, काचा बंद, हीटर चालू, ब्लोअर दोनवर. थोड्याच वेळात केबिनमध्ये जळकट वास भरतो. सिग्नलला थांबलं की वाढतो, गाडीने वेग घेतला की विरतो. ब्लोअर बंद असेल तर येत नाही. आतलीच हवा फिरवणारं रीसर्क्युलेशनचं बटण दाबलं की बराचसा जातो. मागच्या लांबच्या प्रवासानंतर बायकोचं डोकं जड झालं होतं आणि मागे बसलेली मुलगी मळमळतंय म्हणत होती. गाडी लागली असेल म्हणून सोडून देण्यातली ही गोष्ट नाही. मुलांचा श्वास मोठ्यांपेक्षा जलद चालतो, त्यामुळे हवेत जे असेल ते त्यांच्या अंगात आधी भिनतं.

दुरुस्ती होईपर्यंत घरातलं कुणी या गाडीत बसणार नाही. मला हलवावी लागली तर चारही काचा खाली.

काम सुरू करण्याआधी हवेचा रस्ता नीट समजून घेतला. पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनाच्या गाडीत हीटर म्हणजे डॅशबोर्डमागचा एक छोटा रेडिएटर. त्यातून इंजिनाचं गरम कूलंट फिरतं आणि ब्लोअर त्यावरून हवा ढकलतो. त्यात धूर कुठेच नसतो. हीटरमधलं कूलंट गळलं तर गोडसर वास येतो आणि काचेवर चिकट धुकं धरतं. इथे तसं काही नाही. जुन्या फोक्सवॅगन बीटलसारख्या हवेने थंड होणाऱ्या इंजिनाच्या गाड्यांची गोष्ट वेगळी. तिथे सायलेन्सरच्या गरम नळ्यांभोवतूनच हवा घेऊन केबिन तापवतात, म्हणजे नळीला भोक पडलं की धूर थेट आत. माझ्या गाडीत हीटर निर्दोष आहे. तो जी हवा ओढतो तीच खराब आहे. ही हवा वायपरखालच्या जाळीतून येते, आणि त्या जाळीच्या पुढे, बॉनेटखाली, एका रबर पट्टीच्या पलीकडे इंजिन आहे.

म्हणजे दोन गोष्टी एकाच वेळी बिघडलेल्या असणार: बॉनेटखाली धूर सुटतोय, आणि तो जाळीपर्यंत पोहोचतोय.

५ डिसेंबर

धुरातला विषारी वायू कार्बन मोनॉक्साइड मोजणारा मीटर आला. घरात लावतात तो कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म मुद्दामच घेतला नाही. अमेरिकेच्या यूएल २०३४ या मानकाप्रमाणे बनलेला घरगुती अलार्म ७० पीपीएमला (हवेच्या दहा लाख भागांत ७० भाग) लगेच वाजत नाही. तासाभरापासून चार तासांपर्यंत कधीतरी वाजतो. बंद खोलीसाठी ते योग्य असेल, गाडी चालवणाऱ्या माणसासाठी नाही. मला एक-दोन पीपीएमपासून पुढचा प्रत्येक आकडा समोर दाखवणारा मीटर हवा होता.

या वायूला वास नाही, रंग नाही. आपल्याला जो वास येतो तो अर्धवट जळलेल्या इंधनाचा, तेलाचा. रक्तातल्या हिमोग्लोबिनला कार्बन मोनॉक्साइड ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट धरतो, आणि साध्या हवेत श्वास घेत राहिलं तर त्यातला निम्मा उतरायला चार-पाच तास लागतात. बोटाला लावायचा नेहमीचा ऑक्सिमीटर इथे फसतो. कार्बन मोनॉक्साइड धरलेल्या रक्तालाही तो ऑक्सिजनने भरलेलं समजतो आणि आकडा छान दाखवतो. त्यामुळे घरी आल्यावर बोटाला ऑक्सिमीटर लावून निर्धास्त होऊ नये.

तुलनेसाठी काही मर्यादा वहीत लिहून ठेवल्या. आठ तासांच्या सरासरीसाठी जागतिक आरोग्य संघटनेची जुनी मर्यादा दर घनमीटरला १० मिलिग्रॅम, म्हणजे साधारण ९ पीपीएम. अमेरिकेत कामाच्या ठिकाणी कायद्याने ५० पीपीएम चालतं, पण तिथल्याच नायॉश या संशोधन संस्थेची शिफारस ३५ ची आहे. ५० आणि ३५ हे आकडे धडधाकट कामगारांसाठी. मुलीसाठी माझी मर्यादा एकच: बाहेरच्या हवेत जेवढं आहे तेवढंच आत.

६ डिसेंबर

मोजणी केली. गाडी उघड्या जागेवर, वारा जवळजवळ नाही. मीटर डॅशबोर्डवर आकडे बाहेर दिसतील असा ठेवला, हीटर लावला, इंजिन सुरू केलं आणि दार लावून मी बाहेर उभा राहिलो. काचेतून आकडे वाचले.

बाहेरची हवा: ०. थंड इंजिन, ब्लोअर दोनवर, बाहेरची हवा घेणारा झडपा उघडा: तिसऱ्या मिनिटाला १९, आठव्या मिनिटाला ४१. इंजिन पुरतं तापल्यावर आकडा उतरत उतरत २४ च्या आसपास स्थिरावला. गाडी हवेशीर करून पुन्हा तेच, पण रीसर्क्युलेशनवर: ५. ब्लोअर पूर्ण बंद: २.

थंडपणी जास्त आणि तापल्यावर कमी, हा आकड्यांचा कल बरंच सांगून जातो. थंड इंजिनाला पेट्रोल जास्त दिलं जातं, त्यामुळे धुरात कार्बन मोनॉक्साइड जास्त असतो. शिवाय धातू तापून फुगला की बारीक फट मिटत जाते. दोन्ही गोष्टी मॅनिफोल्डकडे, म्हणजे सिलिंडरांतून निघणारा धूर गोळा करणाऱ्या नळ्यांच्या तुकड्याकडे, बोट दाखवतात. थंडपणी बॉनेट उघडल्यावर येणारा टक-टक आवाजही तिकडलाच वाटतो, जरी ऐकणारा त्याला टॅपेटचा आवाज म्हणेल.

मॅनिफोल्डची गळती सगळ्यांत वाईट, कारण ती धुरातले विषारी वायू कमी करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या आधी असते. नीट चालणाऱ्या पेट्रोल इंजिनातून निघणाऱ्या कच्च्या धुरात साधारण अर्धा ते एक टक्का कार्बन मोनॉक्साइड असतो. एक टक्का म्हणजे १०,००० पीपीएम. असा एक भाग धूर शंभर भाग हवेत मिसळला तरी १०० पीपीएम होतात. मागच्या नळीतून बाहेर पडणारा धूर तापलेल्या कन्व्हर्टरमधून गाळून निघालेला असतो. बॉनेटखाली सुटलेला मात्र कच्चाच. म्हणून सुईच्या टोकाएवढी फटही पुरते.

८ डिसेंबर

बॉनेटखाली टॉर्च घेऊन पाहणी. टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाच्या, मागच्या कोपऱ्यातून तेल झिरपतंय. ओघळ सरळ मॅनिफोल्डच्या पत्र्यावर, तिथे तेल जळून तांबूस-काळा डाग पडलाय. नाकाला येणारा जळकट वास निदान अंशतः याचा. हे काम छोटं आहे आणि मॅनिफोल्ड काढायच्या आधी करणंच बरं, नाहीतर नव्या गॅस्केटवर (जोडातली फट बंद करणारा पातळ थर) तेल टपकत राहील.

मॅनिफोल्डवरचा पत्रा काढल्यावर चौथ्या सिलिंडरच्या तोंडाशी काजळीचा पंखा दिसला. फटीपासून सुरू होऊन हेडवर, म्हणजे मॅनिफोल्ड ज्याला जोडलेलं असतं त्या इंजिनाच्या माथ्यावर, पसरलेला, कडेला करडा, मध्ये कोळशासारखा मऊ काळा. बोट लावलं तर काळं होतं. जुनी, थांबलेली गळती कोरडी आणि फिकट असते. ही ताजी आहे.

९ डिसेंबर

टॅपेट कव्हरचं पॅकिंग बदललं. मॅनिफोल्डवरचं तेल पुसून काढलं, उरलेलं इंजिन चालवून जाळून टाकलं.

संध्याकाळी पुन्हा तीच मोजणी. वास गेला. खरोखर गेला, दार उघडून नाक आत घातलं तरी काही जाणवलं नाही. मीटर मात्र थंडपणी ३८, तापल्यावर २२.

या नोंदीपाशी मला थोडं थांबावंसं वाटतं. हीटरमधून वास येतो म्हणणाऱ्या किती गाड्या याच टप्प्यावर दुरुस्त समजून परत दिल्या जात असतील! तेल थांबलं, वास थांबला, गिऱ्हाईक खूष. २२ पीपीएमसाठी केबिनच्या हवेत कच्चा धूर पाव टक्क्याच्या आसपास पुरतो, आणि एवढा पातळ धूर नाकाला कळेलच असं नाही. याच कारणाने कोळशाचा एसी फिल्टर बसवून घेण्याचा सल्ला मी मानला नाही. असा फिल्टर वास शोषतो. कार्बन मोनॉक्साइडचे रेणू त्याला जुमानत नाहीत. वास होता तोवर निदान काच खाली करायची बुद्धी व्हायची. फिल्टर ती एवढी सूचनाही काढून घेतो.

रीसर्क्युलेशनवर चालवत राहणं हाही उपाय नाही. थंडीत आतली दमट हवा फिरत राहिली की काचेवर धुकं धरतं, आणि समोरची काच साफ करायचा मोड लावला की बऱ्याच गाड्यांमध्ये बाहेरच्या हवेचा झडपा आपोआप उघडतो. शिवाय तो झडपा कधीच शंभर टक्के बंद होत नाही. ५ चा आकडा तेच सांगतो.

१२ डिसेंबर

गळतीची पक्की जागा शोधायची होती. काजळी दिसली म्हणजे एक फट सापडली; दुसरी नाही असं त्यातून कळत नाही. इंजिन पूर्ण थंड असताना हवा फुंकणाऱ्या मोडवर लावलेल्या व्हॅक्यूम क्लीनरची नळी सायलेन्सरच्या तोंडाशी धरून भोवती कापड गुंडाळलं. दाब फारसा नको, हवा उलट्या दिशेने मॅनिफोल्डपर्यंत पोहोचली म्हणजे झालं. धाकट्या भावाने नळी धरली, मी साबणाचं पाणी फवारत पुढून मागे गेलो.

पहिलं, दुसरं, तिसरं तोंड: काही नाही. धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या सेन्सरचे आटे: काही नाही. चौथ्याच्या खालच्या कडेला पाणी पडताच टाचणीच्या डोक्याएवढे फुगे ओळीने उठायला लागले आणि वाढत जाऊन बोटभर फेस झाला. भावाने नळी बाजूला केली की फेस थांबायचा, पुन्हा लावली की सुरू. तिथला नट आरशात पाहिला तर नटच नाही. मॅनिफोल्ड हेडला आवळून धरणारा स्टड तुटून गेलेला, फ्लँजच्या (मॅनिफोल्डची हेडला टेकणारी सपाट कड) भोकात नुसता गंजलेला खुंट.

मॅनिफोल्डच्या खाली फ्रंट पाइपच्या जोडावरही थोडे फुगे. तिथलं गॅस्केट नाहीतरी बदलायचंच होतं.

टोकाचाच स्टड तुटावा यात नवल नाही. बिडाचं मॅनिफोल्ड आणि ॲल्युमिनियमचं हेड तापल्यावर सारखे फुगत नाहीत. मधले स्टड जवळपास जागेवर राहतात, टोकाकडे सरकण्याचं अंतर जमत जातं. वर्षानुवर्षं प्रत्येक तापण्या-निवण्याला टोकाचा स्टड आडवा ओढला जातो आणि एक दिवस मान टाकतो.

१३ डिसेंबर

काम नाही. गाडीच्या कॉम्प्युटरला स्कॅनर जोडून इंधन-दुरुस्तीचे, म्हणजे तो ठरल्यापेक्षा किती पेट्रोल जास्त किंवा कमी देतोय त्याचे, आकडे तेवढे उतरवून घेतले. दीर्घकालीन आकडा आयडलला (गाडी उभी, इंजिन नुसतं चालू) अधिक १२ टक्के, वेगात अधिक ४. धुराच्या दोन धक्क्यांच्या मधल्या क्षणी मॅनिफोल्डमध्ये दाब कमी होतो आणि त्याच फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते. पुढच्या ऑक्सिजन सेन्सरला वाटतं मिश्रणात पेट्रोल कमी आहे. कॉम्प्युटर पेट्रोल वाढवतो. म्हणजे फट धूर बाहेर तर सोडतेच, वर तो धूर आणखी विषारी करून सोडते. वेगात हा परिणाम कमी, म्हणून आकडाही कमी. दुरुस्तीनंतर हे आकडे खाली आले पाहिजेत. मीटरखेरीज दुसरा साक्षीदार मिळाला.

१६ डिसेंबर

मॅनिफोल्ड उतरवलं. बॅटरी सोडली, सेन्सरची पिन काढली, आणि काल रात्रीपासून सगळ्या नटांना गंज सोडवणारं तेल देऊन ठेवलं होतं त्याचा उपयोग झाला. नट आधी जरा आवळायचा, मग सोडायचा, पुन्हा आवळायचा. कुरकुर करत एकेक सुटला. एक नट स्टडसकटच बाहेर आला, ते बरंच झालं.

तुटलेला स्टड हेडच्या बाहेर जेमतेम नखभर शिल्लक होता. इथे घाई केली असती तर तो आतल्या आत मोडला असता आणि मग ड्रिल, आटे पुन्हा पाडणं, हेड उतरवण्यापर्यंत पाळी. हॉट एअर गनने खुंटाला नाही, भोवतीच्या हेडला उष्णता दिली. ॲल्युमिनियम पोलादापेक्षा जास्त फुगतं, त्यामुळे भोक खुंटापेक्षा मोठं होऊ पाहतं. तेल, उष्णता, थंड होऊ देणं, पुन्हा तेल. शेवटी स्टड काढायच्या पान्ह्याने खुंट धरून अगदी थोडं पुढे-मागे केलं. आधी दाताला झोंबेल असा कर्र आवाज, मग पाव फेरा, मग सगळा. आटे टॅपने साफ करून कॉपर ग्रीस लावलं. सगळेच स्टड आणि नट नवे घातले. एक तुटला म्हणजे बाकीच्यांनीही तेवढाच मार खाल्लेला असतो.

जुनं गॅस्केट चौथ्या तोंडाच्या खालच्या बाजूला जळून पातळ झालेलं. फ्लँजवर सरळ पट्टी ठेवली. पहिल्या तीन तोंडांवर फट मोजायचं ०.०५ मिमीचं फीलर पातं शिरत नाही. चौथ्याखाली ०.२५ चं सहज गेलं. माझ्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये मर्यादा ०.१ आहे. नुसतं नवं गॅस्केट घालून हे बसणार नव्हतं. सीलंटने भरून काढणं सुचवलं जातं, पण या ठिकाणी तो काही महिन्यांत तडकून गळतो. फ्लँज सरळ करून घ्यायला मॅनिफोल्ड मशीनवाल्याकडे दिलं.

२१ डिसेंबर

मॅनिफोल्ड परत आलं. पट्टी आणि फीलर घेऊन पुन्हा तपासलं. चारही तोंडं एका पातळीत. तडा आहे का ते पाहायला आतून टॉर्च लावून अंधारात फिरवलं. नाही.

जोडणी: हेडची बाजू घासून स्वच्छ, पोलादी थरांचं गॅस्केट कोरडंच, नट आधी हाताने. मग मधल्यापासून सुरू करून दोन्ही टोकांकडे, तीन टप्प्यांत, टॉर्क पान्ह्याने २५ न्यूटन-मीटर. टोकाकडून सुरुवात केली तर मधला भाग उचललेला राहतो आणि मॅनिफोल्ड तणावातच बसतं. फ्रंट पाइपचं गॅस्केट नवं. बॅटरी जोडण्याआधी पुन्हा व्हॅक्यूम क्लीनर आणि साबणाचं पाणी. भावाने नळी बराच वेळ दाबून धरली. एकही फुगा नाही.

इंजिन सुरू केल्यावर पहिल्यांदा थोडा पांढरा धूर आणि वास आला. नव्या भागांवरचं तेल, बोटांचे ठसे, ग्रीस. हे सगळं बॉनेट उघडं ठेवून जाळून जाऊ दिलं. टक-टक आवाज बंद.

२२ डिसेंबर

थंड इंजिन, तीच जागा, तीच मोजणी. तिसऱ्या मिनिटाला ०. आठव्याला ०. तापल्यावर ०. शेवटी वाऱ्याची झुळूक मागून आली तेव्हा क्षणभर २ आणि पुन्हा ०. मागून वारा असला की स्वतःच्याच सायलेन्सरचा धूर बॉनेटवरून जाळीपर्यंत येतो. उभी गाडी सुरू ठेवून आत बसू नये याचं हेही एक कारण.

२४ डिसेंबर

आता दुसरी बाजू: धूर आत येण्याची वाट. आधी रबर पट्टी बदलून टाक, मग पुढचं बघू, असं भाऊ पहिल्याच दिवशी म्हणाला होता. तसं केलं असतं तर मीटर कदाचित तेव्हाच शून्य दाखवता आणि फट आत तशीच वाढत राहिली असती, पट्टी कडक होईपर्यंत. उगम आधी, वाट नंतर.

बॉनेटच्या मागच्या कडेची पट्टी कागदाने तपासली. कागदाचा तुकडा मध्ये धरून बॉनेट लावायचं आणि ओढून पाहायचं. दोन्ही टोकांना कागद अडकतो, मधोमध हातभर भागात अलगद निघतो. रबर चपटं होऊन तिथे कडक झालंय. बदललं.

अंधार पडल्यावर जोरदार दिवा इंजिनाच्या बाजूला लावून मी पायाशी डोकं घालून पाहिलं. वायरिंगची जुडी पत्र्यातून आत येते तिथलं रबर एका बाजूने निसटलेलं, उजेडाची कोर दिसत होती. नीट बसवलं. डिकीच्या दाराच्या रबराला खडू लावून दार मिटलं. पत्र्यावर रेघ अखंड उमटली. डिकीच्या तळाची एक रबरी टोपी गायब होती, ती घातली. चालत्या गाडीच्या मागे हवेचा दाब कमी असतो आणि धूर तिथे घुटमळतो, म्हणून डिकीकडची भोकंही तपासायची असतात.

२८ डिसेंबर

काही वेळा तापून-निवून झाल्यावर मॅन्युअलप्रमाणे नट पुन्हा तपासले. टोकाचा एक किंचित फिरला, बाकी जागेवर. काजळीची नवी खूण नाही.

स्कॅनर: आयडलला अधिक २ टक्के, वेगात अधिक १. दोन्ही साक्षीदार एकच सांगतात.

२ जानेवारी

रस्त्यावरची चाचणी, भाऊ गाडी चालवतोय, मीटर माझ्या हातात. काचा बंद, हीटर पूर्ण, बाहेरची हवा. मोकळ्या रस्त्यावर ०. गर्दीत, धूर ओकणाऱ्या ट्रकच्या मागे थांबल्यावर ७ पर्यंत गेला. गाडी पुढे सरकल्यावर एक-दोन मिनिटांत ०. तो धूर आमचा नव्हता. खरं रीसर्क्युलेशन अशा वेळेसाठीच असतं, आणि झडपा आता नीट काम करतो का तेही पाहून झालं: बटण दाबल्यावर पुढच्या ट्रकमागे ३ च्या वर गेला नाही.

पिस्टन इंजिनाच्या लहान विमानांतही हीच भानगड असते. पुष्कळ विमानांत सायलेन्सरभोवतालच्या कवचातून हवा घेऊन केबिन तापवतात. जानेवारी २०१९ मध्ये इंग्लिश खाडीत पडलेल्या ज्या विमानात फुटबॉलपटू एमिलियानो साला होता, त्यात त्याच्या रक्तातलं ५८ टक्के हिमोग्लोबिन कार्बन मोनॉक्साइडने धरलेलं ब्रिटिश तपासात सापडलं. सायलेन्सरमधल्या बिघाडातून वायू केबिनमध्ये आला असावा, असा निष्कर्ष होता. अंतिम अहवालाने अशा विमानांत प्रत्यक्ष सूचना देणारा मीटर असावा यावर भर दिला. गाडीत हा खर्च आणि ही जागा दोन्ही क्षुल्लक आहेत.

५ जानेवारी

मीटर आता कायमचा गाडीत. डॅशबोर्डवर नाही, उन्हात सेन्सर लवकर मरतो. दोन सीटच्या मधल्या खणाजवळ, आवाज ऐकू येईल असा. सॅनिटायझर, परफ्यूम जवळ फवारायचं नाही, कारण अल्कोहोलच्या वाफेनेही आकडा उडू शकतो. या सेन्सरला वयोमर्यादा असते. पाठीवरची मुदतीची तारीख मार्करने मोठ्या अक्षरात पुढे लिहिली. घरात सांगून ठेवलंय: दोन आकडी दिसला की काचा खाली, गाडी बाजूला, इंजिन बंद, सगळे बाहेर, आणि मग मला फोन.

मुलगी आज मागे बसली. हीटर लावून गेलो आणि आलो. पूर्ण वेळ ०. मॅनिफोल्डचे नट पुढच्या सर्व्हिसिंगला पुन्हा पाहायचे, टोकाचा आधी.